घरच्या संगणकाची राखण : डिस्क इमेज आणि बॅकअपची साधने कशी पारखावीत

(द्वितीय वर्ष कला, मराठी विभाग)

प्रास्ताविक

मराठी विषयाच्या विद्यार्थ्याला 'लीळाचरित्र' अभ्यासताना पाठभेदांचा प्रश्न टाळता येत नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हिंडून श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरवला आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांनी तो आठवून पुन्हा लिहून काढला, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. ग्रंथ तरला, कारण त्याची दुसरी प्रत माणसांच्या स्मरणात होती. पण एकाच ग्रंथाचे अनेक पाठ झाले, कारण ती प्रत मुळाशी ताडून पाहण्याची सोय उरली नव्हती. प्रत असणे आणि प्रत बरोबर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय पोथी नसून घरचा संगणक आहे. परंतु त्यातील बहुतेक विवेचन याच दोन गोष्टींभोवती फिरणारे आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी एक जुना, वापरलेला संगणक घेतला. आज त्या एका खोक्यात आईच्या बचत गटाचे तीन वर्षांचे हिशेब आहेत, जमिनीच्या कागदांचे स्कॅन आहेत, माझी टिपणे आहेत आणि माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे. आजी गेल्या वर्षी वारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ओव्या तिने कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत. आमचे घर कृष्णाकाठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात घरात पाणी शिरले आणि ट्रंकेतले कागद लगदा होऊन गेले. तेव्हा 'एकच प्रत' म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही; वाचून, विचारून आणि स्वतः करून पाहून जे कळले तेवढेच येथे मांडले आहे.

काही रूढ गैरसमज

पहिला गैरसमज 'डी ड्राइव्ह'चा. आपल्याकडे संगणक दुरुस्त करणारे सांगतात, "महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवा, विंडोज पुन्हा टाकली तरी ते राहते." हे खरे आहे, पण तेवढ्यापुरतेच. सी आणि डी हे बहुतेक घरगुती संगणकांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज बिघडली तर डी वाचेल. डिस्कच बिघडली, चोरीला गेली किंवा पाण्यात बुडाली, तर दोन्ही एकदमच जातील. एकाच कपाटाच्या दोन खणांत दोन प्रती ठेवून कपाटाला लागलेली आग चुकवता येत नाही.

दुसरा गैरसमज गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवांविषयीचा. या सेवा संगणकावरील फाइल आणि दूरच्या साठ्यातील फाइल यांचा मेळ राखतात. मेळ राखणे म्हणजे इकडे झालेला बदल तिकडेही होणे. चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. ती काही दिवस कचरापेटीत राहते आणि तेवढ्या मुदतीत परत मिळू शकते. पण मुदत उलटल्यावर ध्यानात आले तर उपयोग नाही. शिवाय गूगलची फुकट मिळणारी जागा १५ जीबी आहे आणि तीत ड्राइव्ह, जीमेल व फोटो हे सर्व मावावे लागते. दुसरी प्रत म्हणून या सेवा उपयोगी आहेत, पण केवळ त्यांच्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

तिसरा समज असा, की गेलेला डेटा दुकानात 'रिकव्हर' करून मिळतोच. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी तिची जागा दुसरे काही लिहून भरेपर्यंत ती पुष्कळदा सापडे. नव्या एसएसडीत 'ट्रिम' नावाची सोय असते. तिच्यामुळे पुसलेल्या फाइलीची जागा डिस्क स्वतःच लवकर मोकळी करून टाकते. त्यानंतर सहसा काही हाती लागत नाही.

फाइलींचा बॅकअप, डिस्क इमेज आणि क्लोन

साधन निवडण्याआधी या तीन संज्ञांमधील फरक स्पष्ट झाला पाहिजे, कारण दुकानात आणि जाहिरातींतही त्यांची सरमिसळ होते.

फाइलींचा बॅकअप म्हणजे आपण निवडलेल्या फाइलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत. हे सर्वांत सोपे काम. एखादी फाइल हवी असेल तर तेवढीच परत घेता येते.

डिस्क इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कचे, तिच्या कप्प्यांच्या मांडणीसह, एका मोठ्या फाइलीत किंवा फाइलींच्या संचात घेतलेले चित्र. विंडोज, तिच्यावर बसवलेली सॉफ्टवेअर, टंक, सेटिंग आणि संगणक सुरू होताना लागणारा छोटा कप्पा, हे सर्व तिच्यात येते. डिस्क बिघडली तर नवी डिस्क घालून त्या इमेजवरून संगणक होता तसा उभा करता येतो. उत्तम साधने डिस्कचा वापरलेला भागच वाचतात आणि तोही दाबून लहान करतात. त्यामुळे ५०० जीबी डिस्कची इमेज ५०० जीबीची होत नाही.

क्लोन म्हणजे एका डिस्कवरून सरळ दुसऱ्या डिस्कवर केलेली हुबेहूब प्रत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना ती सोयीची पडते. पण एका क्लोनला एक आख्खी डिस्क गुंतते. इमेजेस मात्र एकाच बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या अनेक ठेवता येतात.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी इमेजचे एक खास महत्त्व आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे हजारो मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत अक्षरजुळणी केलेले आहेत. अशी फाइल जपली आणि तिचा टंक हरवला, तर उघडल्यावर समोर येतो तो रोमन अक्षरांचा आणि खुणांचा निरर्थक गोंधळ. आमच्या तालुक्याच्या गावी एका अक्षरजुळणीच्या दुकानात मी हे प्रत्यक्ष पाहिले. विंडोज नव्याने टाकल्यावर त्यांच्या फाइली शाबूत होत्या, पण जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसेना, आणि दहा वर्षांच्या लग्नपत्रिका नि स्मरणिका वाचता येईनात. आदल्या दिवशी इमेज घेतलेली असती, तर काम अर्ध्या दिवसात भागले असते.

या साधनांचा अल्पसा इतिहास

घरगुती संगणकासाठी इमेज घेण्याची कल्पना लोकांत रुजवली ती 'घोस्ट' या सॉफ्टवेअरने. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी ते १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास लिहिले. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ते विकत घेतले. 'घोस्ट मारणे' हा शब्दप्रयोग संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत त्यावरूनच आला. २०१३ मध्ये कंपनीने नॉर्टन घोस्टची विक्री बंद केली. पुढे अनेकांनी मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती जवळ केली. १ जानेवारी २०२४ पासून तिचीही सुरक्षाविषयक दुरुस्ती थांबली. विंडोजमध्येच असलेली 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' ही सोय आजही कंट्रोल पॅनेलमध्ये दिसते. पण तिच्यातील सिस्टिम इमेजचा भाग मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच 'पुढे वाढवला जाणार नाही' अशा यादीत टाकला.

यातून घेण्याजोगा बोध असा, की साधनाचे आयुष्य आपल्या फाइलींच्या आयुष्यापेक्षा बरेचदा कमी असते. आज घेतलेली इमेज दहा वर्षांनी उघडायची झाली, तर ती उघडणारे साधन तेव्हा मिळेल काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारला पाहिजे.

साधन पारखण्याच्या कसोट्या

अ) संगणक बंद पडल्यावरही चालणारे साधन हवे. इमेज घेणारे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये सुरेख चालते. पण विंडोजच सुरू होत नसेल तेव्हा काय? म्हणून ज्यावरून संगणक सुरू करता येईल असा पेन ड्राइव्ह त्या साधनाने तयार करून दिला पाहिजे, आणि तो बिघाड होण्यापूर्वीच तयार करून, त्यावरून संगणक एकदा सुरू करून पाहिला पाहिजे.

आ) पडताळणीची सोय हवी. इमेज लिहून झाल्यावर ती पुन्हा वाचून, गणिती खुणेच्या आधारे ताडून पाहण्याची सोय चांगल्या साधनात असते. बाहेरच्या डिस्कची केबल सैल असली, तरी लिहिलेल्यात दोष शिरू शकतो, आणि पडताळणीवाचून तो कळत नाही.

इ) इमेजमधून एखादीच फाइल काढता यावी. एका ओवीसाठी सबंध संगणक मागच्या तारखेला नेणे परवडत नाही.

ई) फक्त बदललेला भाग घेण्याची सोय असावी. पहिल्यांदा पूर्ण इमेज घ्यावी लागते. त्यानंतर 'डिफरन्शियल' पद्धतीत पहिल्या पूर्ण इमेजनंतर बदललेले सर्व, तर 'इन्क्रिमेंटल' पद्धतीत मागच्या प्रतीनंतर बदललेले तेवढेच घेतले जाते. दुसऱ्या पद्धतीत जागा कमी लागते, पण ती साखळी असते. मधली एक कडी तुटली की तिच्यापुढच्या प्रती निकामी होतात. पहिल्या पद्धतीत पूर्ण इमेज आणि शेवटची प्रत एवढ्या दोनच फाइली पुरतात. घरगुती वापराला मला तीच अधिक भरवशाची वाटते.

उ) इमेजची मांडणी शक्यतो खुली असावी, म्हणजे एक कंपनी बंद पडली तरी दुसऱ्या साधनाने ती वाचता येईल.

ऊ) दर वर्षी पैसे भरावे लागत असतील, तर भरणे थांबवल्यावर जुन्या प्रती परत घेता येतात की नाही, हे आधी वाचून घ्यावे.

या कसोट्या लावल्यावर माझ्यासारखीला दोन-तीन नावे उरतात. क्लोनझिला हे तैवानमध्ये तयार झालेले, पूर्णतः फुकट आणि खुले साधन. ते पेन ड्राइव्हवरून चालते आणि अत्यंत भरवशाचे आहे; मात्र त्याचा काळा-निळा, प्रश्नांनी भरलेला पडदा नवख्याला भीती घालतो. रेस्क्यूझिला हे त्याच घराण्यातले, पण बटणे असलेले, समजण्यास सोपे साधन; क्लोनझिलाने घेतलेली इमेज ते वाचते, म्हणजे 'उ' कसोटीला दोन्ही उतरतात. दोघांची मर्यादा अशी, की इमेज सामान्यतः मूळ डिस्कएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या डिस्कवरच परत उतरवता येते. शिवाय ठरलेल्या वेळी आपोआप प्रत घेण्याचे काम त्यांचे नव्हे. ते ज्यांना हवे त्यांनी वीम एजंटची विंडोजसाठीची फुकट आवृत्ती पाहावी. अॅक्रॉनिस आणि मॅक्रियम ही पैसे देऊन घ्यावयाची साधने सोयींनी संपन्न आहेत. मॅक वापरणाऱ्यांना २००७ पासून टाइम मशीन अंगचेच मिळते. नुसत्या फाइलींसाठी विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' पुरेशी आहे.

स्वतः केलेला प्रयोग

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आमच्या संगणकावर रेस्क्यूझिला वापरून पाहिले. डिस्क ५०० जीबीची, पैकी सुमारे ७० जीबी भरलेली. संगणक बंद करून सुरू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करून पेन ड्राइव्हवर नेला, कारण विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय चालू असेल तर साध्या शटडाउनने डिस्क पुरती मिटत नाही आणि इमेज घेणारे साधन अडते. इमेज बाहेरच्या डिस्कवर लिहायची होती. ती डिस्क एफएटी३२ पद्धतीने आखलेली नाही, हेही पाहून घेतले. त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

वेळेचा अंदाज आधी कागदावर काढता येतो. जुन्या यूएसबी २ खोबणीतून सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो. ६० जीबी न्यायला सुमारे ३३ मिनिटे. यूएसबी ३ ची निळी खोबणी असेल आणि बाहेरची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल, तर तेच काम दहा मिनिटांचे. प्रत्यक्षात दाबून लहान करण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो. आमच्या जुन्या यंत्राला तासाभराहून अधिक लागला.

खरी परीक्षा नंतर होती. दुरुस्तीच्या दुकानातील दादांनी त्यांच्याकडची तेवढ्याच मापाची एक डिस्क दोन दिवसांसाठी दिली. आमची डिस्क काढून बाजूला ठेवली, ती बसवली आणि इमेज तिच्यावर उतरवली. संगणक सुरू झाला. बचत गटाचे हिशेब उघडले, जुना टंक दिसला, आजीच्या ओव्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्या. आई चुलीपाशी काम टाकून येऊन उभी राहिली होती. मूळ डिस्क टेबलावर पडलेली असताना तो आवाज दुसऱ्या डिस्कवरून येत होता. बॅकअप 'झाला' असे त्या क्षणापासून म्हणता येते.

परत उतरवून न पाहिलेला बॅकअप मोठमोठ्यांनाही दगा देतो. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप उघडला तर तो नीट होतच नव्हता, असे आढळले. गॅलिन ससमन या तंत्रप्रमुख बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती; तिच्यावरून चित्रपट वाचला. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या कंपनीतही असेच घडले; बॅकअपच्या अनेक व्यवस्था असून ऐनवेळी त्या कामी आल्या नाहीत, आणि योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली.

प्रती किती आणि कोठे?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम ध्यानात ठेवण्यास सोपा आहे. एकूण प्रती तीन. दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर. त्यांपैकी एक घराबाहेर. नदीकाठच्या माणसाला यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा ज्या घरात संगणक होता, त्याच घरातील कपाटातली बाहेरची डिस्कही बुडाली असणार. आमची एक डिस्क आता मामांच्या घरी असते. त्यांचे गाव उंचावर आहे. सणावाराला जाणे होते तेव्हा मी ती बदलून आणते.

दुसरे पथ्य असे, की काम होताच बाहेरची डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'सारखे खंडणीखोर विषाणू संगणकाला जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरील फाइलींना कुलूप घालतात; जोडून ठेवलेला बॅकअपही त्यातून सुटत नाही. आणि ज्यांच्या संगणकावर बिटलॉकर चालू आहे, त्यांनी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी. नव्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप अनेकदा न विचारताच लागलेले असते.

माझे वेळापत्रक साधे आहे. नव्या फाइली दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर. पूर्ण इमेज दर तीन महिन्यांनी आणि कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी. ओव्यांची आणखी एक प्रत गूगल ड्राइव्हवर. आणि वर्षातून एकदा इमेज परत उतरवून पाहणे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. त्यामुळे अनेक घरांत आता नवी विंडोज टाकण्याचे किंवा संगणक बदलण्याचे घाटत असेल. त्यांनी आधी इमेज घ्यावी, मग पुढचे पाऊल टाकावे. मात्र इमेज ज्या यंत्राची, त्याच यंत्रावर ती बिनतक्रार चालते. निराळ्या यंत्रावर ती सुरू होईलच असे नाही. म्हणून फाइलींचा स्वतंत्र बॅकअपही असावाच.

समारोप

हे सर्व खर्चाचे आहे असे वाटेल. सॉफ्टवेअर फुकट आहे. खर्च आहे तो बाहेरच्या डिस्कचा आणि वेळेचा. ज्यांना डिस्क परवडत नाही त्यांनी निदान पुन्हा निर्माण न होणाऱ्या फाइली निवडाव्यात. विंडोज पुन्हा मिळते, चित्रपट पुन्हा मिळतात, गुणपत्रिकेची दुसरी प्रत विद्यापीठ देते. हिशेब, टिपणे, आवाज आणि घरचे फोटो कोणी देत नाही. एवढेच वेगळे काढले तर ते बहुधा एखाद्या पेन ड्राइव्हवर मावते.

शेवटी प्राध्यापकवर्गास एक विनंती. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपल्या विभागातील विद्यार्थी दर वर्षी गावागावांतून ओव्या, कथा आणि उखाणे मुद्रित करून आणतात. ते सर्व विभागातील एकाच संगणकावर जमा होते. सांगणाऱ्या आज्यांपैकी काहीजणी दर वर्षी कमी होत आहेत. त्या साठ्याची एक इमेज, एक बाहेरची प्रत आणि वर्षातून एक पडताळणी, एवढे काम द्वितीय वर्षाचे चार विद्यार्थी एका शनिवारी करू शकतील. त्यांपैकी एक नाव माझे धरावे.